पारखलेलें नाणें आणि पारख्याचा अंक

नाणें पारखून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पेशवाईंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत चालत. सराफ रुपया तराजूंत घाली, वाजवून पाही, जरूर तेव्हां त्याचा कस पाही आणि मग बट्टा सांगे. त्याच्या सांगण्याचा संशय आला, तर तोच रुपया दुसऱ्या सराफाच्या तराजूंत घालतां येई. कारण वजन आणि कस यांचें उत्तर धातूंतच असे. संग्राहकांच्या जुन्या नाण्यांची गोष्ट निराळी. तेथें बहुधा मोल धातूचें नसून झीज, झळाळी आणि ओरखडे यांवरून ठरतें, आणि हीं मोजावयास तराजू नाहीं.

असा तराजू निर्माण करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला. विल्यम शेल्डन हे मनुष्याच्या शरीराच्या ठेवणीस अंक देऊन त्यावरून स्वभाव सांगूं पाहणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांना जुन्या तांब्याच्या सेंटांचा मोठा नाद होता. १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं नाण्याच्या स्थितीसाठीं १ ते ७० अशी अंकमाला मांडली. तिचें मूळ बाजारभावांत होतें. जेमतेम ओळखूं येणारा झिजका सेंट १ डॉलरचा, तर टांकसाळींतून निघाला तसाच राहिलेला ७० डॉलरांचा. पुढें भाव बदलले, गणित मोडलें. अंक मात्र राहिले. भावांतून निघालेल्या अंकावरूनच भाव ठरूं लागले!

आरंभीं प्रत सांगे तो बहुधा विकणाराच. त्यामुळें तटस्थ पारख्याची गरज भासली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशननें १९७२ पासून नाण्यांचा खरेखोटेपणा तपासण्यास व १९७९ पासून प्रत सांगण्यास आरंभ केला. १९८६ सालीं प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि १९८७ सालीं न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन या कंपन्या निघाल्या. एकाहून अधिक पारख्यांनीं नाणें पाहावें, अंक ठरवावा, नाणें पारदर्शक डबींत बंद करावें आणि त्या अंकाची हमी घ्यावी, अशी ही पद्धत होती. न पाहतांहि नाणें विकत घेणें शक्य झालें, आणि वॉल स्ट्रीटच्या पेढ्याहि या व्यापारांत उतरल्या. १९८९ च्या सुमारास भाव शिखरास पोंचले व पुढें कोसळले.

या पद्धतीचे उपकार नाकारतां येत नाहींत. नाणें अस्सल कीं बनावट, या प्रश्नास एकच उत्तर असतें, आणि तें अनुभवी पारखी सहसा बरोबर देतो. परंतु प्रतीस तसें एकच उत्तर नाहीं. ६४ आणि ६५ यांत भेद एखाद्या ओरखड्याचा असतो, आणि किंमत मात्र कधीं कधीं कित्येक पटींनीं वाढते. म्हणून कांहीं व्यापारी डबी फोडून तेंच नाणें पुन्हां पाठवितात, आणि कधीं त्यांना वरचा अंक मिळतोहि. नाणें तेंच, डोळे दुसरे! २००७ सालीं तर डबींतल्या नाण्याची फिरून पारख करून तीवर हिरवी चिठ्ठी लावणारी संस्था निघाली. पारख्याचीहि पारख करावी लागली, ती अशी.

सरकारलाहि यांत लक्ष घालावें लागलें. प्रतवारी निःपक्षपाती व एकसारखी असल्याच्या जाहिराती अतिशयोक्त आहेत, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें १९९० सालीं वरील पहिल्या कंपनीवर केला. दोष कबूल न करतां कंपनीनें तडजोड केली.

खुद्द शेल्डन यांची कथा याहून बोधप्रद आहे. १९७७ सालीं ते वारले. त्यानंतर उघडकीस आलें कीं, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांनीं त्या जागीं स्वतःचीं हलकीं नाणीं ठेवलीं होतीं. ज्यानें जगाला प्रत शिकविली, त्यानेंच प्रत बदलली!

यावरून पारखी सारे लबाड, असा अर्थ कोणी काढूं नये. खरेपणाविषयीं त्यांचा शब्द बहुतेक वेळां भरंवशाचा आहे. प्रतीचा अंक मात्र जाणत्याचें मत आहे, माप नव्हे. मताला माप समजून जो घरची पुंजी ओततो, तो नाणें विकत घेत नाहीं, डबीवरचा अंक घेतो. डबी फोडली कीं अंक जातो. हातीं उरतें तें नाणें.