चांदवडची शाळा आणि पालकांचा हक्क

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे चांदवड होळकरांच्या काळात टांकसाळीचे आणि पेठेचे गाव होते. अहिल्याबाईंचा रंगमहाल आजही तेथे उभा आहे. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे सरकारी शाळा आल्या, तेव्हा त्यांचा खर्च बराचसा शेतकऱ्यानेच उचलला. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला मिळू लागला. सारा भरणाऱ्या प्रत्येक कुणब्याच्या पैशातून शाळा चालत होती. पण ती कोठे उघडावी, मास्तर कोण असावा, आपले पोर तिथे का टिकत नाही, यात त्याला विचारले जात नव्हते.

या अन्यायावर जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे बोट ठेवले. रयतेकडून वसूल होणारा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, असे सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. 1884च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे जाऊ लागला. मात्र मताचा हक्क मालमत्ता व साऱ्यावर ठरत असल्याने सामान्य पालक बाहेरच राहिला.

सरकारी शाळेने न पुरवलेला आधार समाजाने पुरवला. 1914 मध्ये नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला आणि खेड्यांतील मुलांसाठी बोर्डिंग सुरू झाले. चांदवडला 1928 मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. राहण्याजेवणाची सोय झाली की वाडीवस्तीवरचा मुलगा शिकतो, हे या संस्थांनी दाखवून दिले. पण हा आधार देणगीवर आणि संस्थाचालकांच्या तळमळीवर उभा होता. पालकाने विनंती करायची आणि जागा असली तर मुलाला प्रवेश मिळायचा, असा तो व्यवहार होता.

1947च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीचा मार्ग धरला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकावर हजेरीचा हुकूम आणि दंड यांची तरतूद त्यात होती. पालकाकडे कायदा कर्तव्य चुकवणारा म्हणून पाहत होता. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि चांदवड तालुक्यातील प्राथमिक शाळा नाशिक जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या अखत्यारीत आल्या. शाळा गावाजवळ आली, तरी तिच्या कारभारात आई कुठेच नव्हती.

आईच्या या गैरहजेरीला चांदवडमध्येच मोठे आव्हान मिळाले. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथे भरले आणि राज्यभरातून शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुका स्त्रियांनी स्वतः लढवाव्यात, हा विचार तेथून जोमाने पुढे आला. 1990च्या दशकारंभी स्थानिक संस्थांत स्त्रियांना आरक्षण मिळाले आणि 2011 मध्ये महाराष्ट्रात ते निम्म्यावर गेले. ज्या संस्था शाळा चालवतात, त्यांत बाईचे मत मोजले जाऊ लागले.

याच काळात मदतीचे रूपही बदलले. 15 ऑगस्ट 1995 पासून शालेय पोषण आहार योजना आली. आरंभी हजेरीनुसार महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 मधील आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, असे त्याचे प्रमाण आहे. खिचडी वाढण्याआधी मोठ्या माणसाने ती चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. पालकालाही ती चाखता येते. भात कच्चा आहे, डाळ पातळ आहे, हे आईने त्या वहीत लिहून सही केली की तक्रारीचा पुरावा तयार होतो. ग्रामीण मुलींसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आहे. जिथे हायस्कूल चालत जाण्याइतके जवळ नाही, तिथे सातवीनंतर मुलगी शिकणार की घरी बसणार, हे पुष्कळदा या पासवर ठरते.

खरा पालट 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने झाला. 6 ते 14 वयाच्या मुलाला मोफत शिक्षण देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची झाली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो. सरकारी शाळेत विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शिक्षकांची हजेरी पाहणे हे समितीचे काम आहे.

कायद्याने पालकाला इतरही आधार दिले. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला मूल घ्यावेच लागते. कांदा, द्राक्ष आणि ऊसतोडीच्या कामांसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांना ही तरतूद फार मोलाची आहे. वय जास्त झालेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून जादा शिकवणीची सोय करावी लागते. मारहाण व मानसिक छळाला बंदी आहे. दिव्यांग मुलाला शेजारच्या मुलांबरोबर शिकण्याचा हक्क असून त्यासाठी विशेष शिक्षकांची व्यवस्था असते. यांपैकी काही नाकारले गेले, तर लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

सारा भरूनही मुका राहिलेल्या पालकाला हे हक्क मिळायला जवळपास दीड शतक लागले. समितीची सभा वेळेवर भरली, मजुरीवर जाणाऱ्या आईला येता येईल अशा वेळी ठेवली आणि इतिवृत्तात तिचे म्हणणे जसेच्या तसे उतरले, तरच ते प्रत्यक्षात येतात.