दाराशी उभी छत्री

इंग्रजीतून आलेल्या ‘अंब्रेला स्टँड’ या वस्तूला मराठीत स्वतंत्र नाव नाही. ‘छत्र्या ठेवायचा स्टँड’ असे आपण म्हणतो आणि वेळ निभावून नेतो. खुंटी, कोनाडा, दिवळी, फडताळ, वळण असे भिंतीतल्या आणि भिंतीवरच्या प्रत्येक सोयीला बारकाईने नाव देणाऱ्या भाषेने या एका वस्तूपुरती उदासीनता दाखवावी, यामागे काही कारण असले पाहिजे. हल्ली मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ओतीव लोखंडाचे, पितळेचे, वाकवलेल्या लाकडाचे असे स्टँड हौसेने पाहिले जातात. बीड, अंबाजोगाईकडे नवा बंगला बांधणारी मंडळीही प्रवेशद्वारापाशी ‘काहीतरी जुने’ असावे म्हणून त्यांची चौकशी करतात. अशी वस्तू निवडताना तिचा घाट आणि तिची किंमत पाहिली जाते. ती मुळात कोणाच्या दाराशी उभी होती हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

आपल्याकडे छत्र फार जुने आहे, परंतु ते धरण्याची वस्तू नव्हते. ते दुसऱ्याने आपल्यावर धरण्याची वस्तू होते. राजा छत्राखाली बसे आणि छत्राचा दांडा सेवकाच्या हातात असे. १६७४ साली रायगडावर झालेल्या राज्याभिषेकानंतर जे बिरुद मराठीच्या कायमचे ओठांवर बसले, त्यातही हाच अर्थ आहे. राजाच्या खालोखाल ज्यांचा मान, त्यांना अबदागीर मिळे. पालखी, अबदागीर, मशाल हे मान राज्यकर्त्याने द्यायचे आणि घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मिरवायचे. अशा मनुष्याला घरी परतल्यावर छत्री ठेवायची कोठे हा प्रश्न पडत नाही. तो आत जातो आणि छत्र बाहेर सेवकासह राहते. ज्याच्या छत्राला स्वतंत्र हात आहे त्याला स्टँड लागत नाही. (देवाच्या पालखीबरोबर आजही अबदागीर चालते, आणि देवालाही ते स्वतः धरावे लागत नाही.)

छत्री ठेवण्याच्या फर्निचराचा इतिहास सुरू होतो तो छत्री मालकाच्या हातात आल्यावर, आणि तो सुरू होतो इंग्लंडात. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरून जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ छत्री घेऊन फिरू लागला, तेव्हा त्याची टवाळी झाली. भाड्याच्या गाड्या हाकणाऱ्यांना तर तो शत्रूच वाटला. तिथे छत्रीचा अर्थ आपल्याकडच्या अर्थाच्या नेमका उलट होता. ज्याच्यापाशी स्वतःची घोडागाडी नाही तो छत्री बाळगणार, अशी समजूत होती. पुढे १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारख्या पोकळ पोलादी काड्यांचा सांगाडा तयार केला. त्यापूर्वीच्या छत्र्यांना देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्यांच्या काड्या असत. त्या जड असत आणि भिजल्या की लवकर बिघडत. पोलादाने छत्री हलकी आणि स्वस्त केली. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा सर्वांच्या हातात ती दिसू लागली, आणि मध्यमवर्गीय घराच्या अरुंद दिवाणखानापूर्व बोळात पाण्याने निथळणारी ही वस्तू ठेवायची कोठे, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. कोलब्रुकडेलसारख्या ओतशाळांनी त्याचे उत्तर बिडाच्या लोखंडात दिले. वर छत्र्या अडकवायला कडी किंवा कप्पे, खाली पाणी साठायला काढता येणारी ताटली, आणि स्टँड कलंडू नये म्हणून सगळ्याला पुरेसे वजन. रचना इतकी साधी आहे. पानाफुलांची नक्षी हा तिच्यावरचा व्हिक्टोरियन काळाचा मुलामा.

आता बीडकडे यावे. बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेला हा जिल्हा पर्जन्यछायेचा. वर्षाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलीमीटर. पश्चिमेला आष्टी-पाटोद्याकडे त्याहून कमी, पूर्वेला अंबाजोगाई-परळीकडे थोडी अधिक. कोकणात जेवढा पाऊस एका महिन्यात कोसळतो, तेवढा इथे साऱ्या पावसाळ्यात पडला तरी समाधान मानले जाते. इथे छत्री प्रामुख्याने उन्हाची. पाऊस आलाच, तर शेतकऱ्याची घोंगडी असे, आणि ज्याच्यापाशी घोंगडीही नाही तो गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून त्याची खोळ डोक्यावर घेई. घोंगडी वळणीवर वाळते आणि गोणपाट पुन्हा धान्याला लागते. या दोहोंसाठी वेगळे फर्निचर कशाला हवे?

माळवदी वाड्यात शिरताना प्रथम ढाळज लागे. तिथे बैठक असे, भिंतीत कोनाडे असत आणि लाकडी खुंट्या ठोकलेल्या असत. पागोटे, काठी, पिशवी, आणि पुढे काळी छत्री, हे सारे त्या खुंटीवर. छत्रीची मूठ वाकडी असते ती जणू खुंटीसाठीच. निथळलेले पाणी शेणाने सारवलेली जमीन पिऊन टाकी. ताटलीची गरज नव्हती. गावातील शिक्षक, तलाठी, पोस्टमन यांच्या छत्रीला तर आणखी एक जागा होती: सदऱ्याच्या मागच्या कॉलरीला अडकवलेली, पाठीवर लोंबणारी. चालत्या माणसाच्या अंगावरची ही खुंटी मला कोणत्याही ओतीव स्टँडपेक्षा अधिक चतुर वाटते.

बीड जिल्ह्यात इंग्रजी पद्धतीचे छत्री-स्टँड मुळातून कोठे शोभले असते, तर ते अंबाजोगाईत. निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. सैन्याचा खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज, अशी ती व्यवस्था. १९०३ मध्ये हे दल हिंदी सैन्यात विलीन झाले. व्हरांडा, मधला बोळ, टोप्या आणि काठ्या अडकवण्याचा आरसेवाला स्टँड हे छावणीच्या बंगल्यांचे जग. वाड्यांचे जग त्याच्या शेजारी होते, पण वस्तू एकातून दुसऱ्यात फारशा गेल्या नाहीत. जड ओतकाम इथवर आणणे सोपेही नव्हते. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती थेट २०२५ मध्ये.

परंतु दाराशी छत्री ठेवण्याच्या या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याशिवाय हा इतिहास केवळ फर्निचराचा राहील. स्टँड हे गृहीत धरते की येणारा छत्री घेऊन येऊ शकतो, ती घराच्या आत आणू शकतो, आणि आपली वस्तू यजमानाच्या हवाली करून पुढे बसायला जाऊ शकतो. या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात सर्वांना खुल्या नव्हत्या. छत्र हा दिलेला मान असेल, तर न दिलेल्याने ते वापरणे हा अपराध ठरतो. या तर्काचे सर्वांत उघड रूप दक्षिणेत दिसते. १९३० च्या डिसेंबरात तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात कळ्ळरांनी आदिद्रविडांवर आठ बंधने लादली. सोन्याचांदीचे दागिने नकोत, सदरा नको, मातीखेरीज दुसरी भांडी नकोत. आणि त्याच यादीत, पुरुषांनी ऊन-पावसापासून बचावासाठी छत्री वापरू नये, पायात वहाणा घालू नयेत. एका काळ्या कापडाच्या वस्तूचा उल्लेख सोन्याच्या बरोबरीने व्हावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या वाड्यात ढाळजेपर्यंत कोण येई, पायरीशी कोण थांबे आणि अंगणाबाहेरूनच कोण हाक देई, याची यादी कोठे लिहिलेली नव्हती. ती सगळ्यांना पाठ होती. ढाळजेतल्या खुंटीवर छत्री अडकवता येणे ही सोय होतीच, शिवाय ती सामाजिक परवानगीही होती.

म्हणूनच नव्या घराच्या दाराशी जुना स्टँड ठेवणे हा केवळ सजावटीचा निर्णय मला वाटत नाही. हत्तीच्या पायाचा पोकळ स्टँड हा साहेबी शिकारीचा अवशेष. तो कोणी देऊ केला तरी घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या व्यापाराला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्याची ओढ वाटावी असे त्यात काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांचे स्टँड सर्रास झाले. बुडाशी साल आणि माप ठोकलेले असते, ते वाचता येते. बिडाच्या लोखंडाच्या ब्रिटिश कामावर चौकटीच्या आकाराची नोंदणी-खूण असेल तर तो नमुना १८४२ ते १८८३ दरम्यान नोंदलेला. मात्र जुन्या नमुन्यावरून नवे ओतकाम करताना खूणही उमटते, हे ध्यानात ठेवावे. ताटली बरोबर आहे का, की नंतर बसवलेली पत्र्याची आहे? फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो भाग तरी १९३० नंतरचा. लाकूड वाफेवर वाकवून केलेले थोनेट पद्धतीचे उभे स्टँड, ज्यांना वर टोप्यांच्या खुंट्या आणि खाली छत्र्यांचे कडे असते, ते मला आपल्या घरांना अधिक जवळचे वाटतात. त्यात खुंटी आणि स्टँड एकत्र नांदतात. इराणी हॉटेलांतल्या खुर्च्यांमुळे तो घाट आपल्या डोळ्यांना परकाही नाही. कायद्याच्या भाषेत शंभर वर्षे झाल्याशिवाय अशी वस्तू ‘पुरातन’ होत नाही; दुकानदाराच्या भाषेत त्याला चाळीस पुरतात. असो.

अर्थात त्यात ठेवणार काय, हाही प्रश्न आहेच. १९२८ च्या सुमारास जर्मनीत हान्स हाउप्टने घडीची छत्री आणली आणि आज ती पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात मावते. लांब दांड्याची छत्री घरोघर विरळ होत चालली आहे. बीडच्या घरात या स्टँडला खरा वारसा मिळेल तो छत्रीपेक्षा काठीचा. चामड्याच्या छागळींबरोबर हे शहर एके काळी गुप्त्यांसाठी प्रसिद्ध होते. गुप्ती म्हणजे वरून साधी हातकाठी आणि आत पाते. दाराशी निमूट उभी राहणारी आणि प्रसंगी धार दाखवणारी ही वस्तू इथल्या कारागिरांची स्वतःची. जुन्या सामानात एखादी बीडची काठी हाती आली, तर ती स्टँडमध्ये ठेवण्याआधी मूठ जरा फिरवून, ओढून पाहावी. ती निघाली आणि आत पाते चमकले, तर त्या वस्तूचा विचार फर्निचराबरोबर शस्त्रांच्या कायद्याखालीही करावा लागतो.