शिकवले, मग अपघात घटले का?

१९३४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एमोस नायहार्ट यांनी शाळेतील मुलांना स्वतःच्या मोटारीवर वाहन चालवायला शिकवले. पुढे हा विषय देशभरातल्या शाळांत पोचला. शिकलेली मुले कमी अपघात करणार, हे सगळ्यांना उघडच वाटे!

१९७० च्या दशकाअखेर जॉर्जियातील डीकाल्ब परगण्यात पडताळणी सुरू झाली. सुमारे १६,००० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना सखोल शिक्षण, काहींना जुजबी, काहींना शाळेत अजिबात नाही. शिकलेल्यांचा फायदा टिकला नाही. उलट परवाना मात्र लवकर मिळाला, म्हणजे कोवळ्या वयाची जास्त मुले रस्त्यावर. हात लवकर तयार होतो. धोका हेरणारी नजर सावकाश.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवानाच टप्प्याटप्प्याने दिला. आधी शेजारी अनुभवी चालक. मग एकट्याने, पण रात्री दहानंतर नाही, मित्रांना बसवूनही नाही. तिथे तरुण जखमींची संख्या घटली.