डॉल्फिन आणि व्हेलच्या पिल्लांना रोगप्रतिकारशक्ती कुठून मिळते? मुंबईच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध काय?

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचं एक पिल्लू वाळूत अडकलं. वन विभाग, प्रशासन आणि गावकऱ्यांनी त्याला वाचवण्यासाठी बरीच धडपड केली. अखेर टगच्या मदतीनं त्याला समुद्रात नेण्यात आलं. व्हिडिओ व्हायरल झाले, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पिल्लू वाचलं नाही.

पाण्यात सोडलं म्हणजे पिल्लू वाचलं, असं का होत नाही? आईपासून तुटलेल्या पिल्लाचं फक्त दूधच बंद होत नाही, आजारांशी लढण्याची ताकदही त्याच वाटेनं येत असते. ही ताकद कशी तयार होते आणि ती कशामुळे कमी पडते, हे समजून घेऊया.

मुंबईच्या समुद्रात असे प्राणी आहेत का?

आहेत. मुंबईच्या किनाऱ्यालगत प्रामुख्यानं दोन प्रकारचे सागरी सस्तन प्राणी आढळतात. पहिला म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. दुसरा फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे पाठीवर पर नसलेला, डॉल्फिनसारखाच दिसणारा पण लहान प्राणी. हंपबॅक डॉल्फिनची हिंदी महासागरातली प्रजाती जागतिक यादीत ‘धोक्यात’ या गटात आहे. दोघांनाही भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अंतर्गत संरक्षण आहे.

हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा धरून राहतो. म्हणजे जिथे खाड्या आणि नाले समुद्राला मिळतात, तेच त्याचं घर. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं पिल्लू काही वर्षांनीच. त्यामुळे दगावलेल्या एका पिल्लाची जागा लवकर भरून निघत नाही.

जन्मताना पिल्लाकडे काय असतं?

यासाठी खरवस आठवा. गाय किंवा म्हैस व्यायल्यावर पहिले काही दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. त्याच्यात प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांच्याशी लढणारी प्रथिनं, भरपूर असतात. वासराला जन्मानंतर लगेच चीक पाजावा लागतो, कारण गाईच्या वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, ही प्रतिपिंडं पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत.

माणसाचं तसं नाही. आपल्याकडे आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात, विशेषतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ थोडी शिदोरी घेऊनच जन्माला येतं.

डॉल्फिन आणि व्हेल या बाबतीत माणसापेक्षा गाईच्या जवळचे आहेत. उत्क्रांतीच्या दृष्टीनंही ते गाय, हरीण, पाणघोडा यांचेच नातेवाईक. त्यांच्या वारेची रचना गाईसारखी असल्यानं पिल्लाला पोटात फारच कमी प्रतिपिंडं मिळतात. खरं कवच मिळतं ते जन्मानंतरच्या पहिल्या दुधातून, आणि तेही पोहता पोहता पिऊन.

मग स्वतःची ताकद कधी येते?

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं उधारीची असतात. काही काळानं ती संपत जातात. दरम्यान पिल्लाचं शरीर समुद्रातले जंतू ओळखायला शिकतं आणि स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं. या दोन टप्प्यांच्या मधला काळ सगळ्यात धोक्याचा. आपण बाळांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसीचे डोस देतो, ते याच शिकण्याला मदत म्हणून. समुद्रातल्या पिल्लाला लस नसते, संसर्ग होऊनच शिकावं लागतं.

हे शिक्षण अपुरं राहिलं तर काय होतं, हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसलं. तिथे 1987-88 मध्ये गोवराच्या विषाणूच्या कुळातल्या मॉर्बिलीव्हायरसची साथ येऊन गेली होती. 2013 ते 2015 दरम्यान पुन्हा साथ आली आणि 1,600 हून अधिक डॉल्फिन मेलेले किंवा किनाऱ्यावर अडकलेले आढळले. मधल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्या बहुतेक डॉल्फिनना या विषाणूची ओळखच नव्हती.

शहराजवळ वाढण्याची किंमत काय?

रोगप्रतिकारशक्ती फुकट मिळत नाही. तिला ऊर्जा लागते, आणि पिल्लाला त्याच ऊर्जेतून वाढायचं असतं, चरबीही साठवायची असते.

गालापागोस बेटांवरच्या सी लायनच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दोन वसाहतींची तुलना केली. एक सान क्रिस्टोबाल बेटावर, माणसांच्या गावाला लागून. तिथे सांडपाणी आणि पाळीव प्राणी जवळच. दुसरी सांता फे या निर्मनुष्य बेटावर. गावाजवळच्या पिल्लांची रोगप्रतिकार यंत्रणा जास्त कामाला लागलेली दिसली. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण त्याच पिल्लांमध्ये प्रतिपिंडं वाढली तशी अंगावरची चरबी कमी होत गेली. म्हणजे जंतूंशी लढण्याचा खर्च वाढीच्या खात्यातून झाला.

अन्नाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. चिलीच्या ग्वाफो बेटावर फर सीलच्या पिल्लांना आईच्या दुधातून हुकवर्म जातीचे जंत होतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, समुद्र तापला की आईला अन्नासाठी जास्त वेळ बाहेर राहावं लागतं, पिल्लाला दूध कमी मिळतं, त्याची प्रतिकारशक्ती कमी पडते आणि जंतांनी मरणाऱ्या पिल्लांचं प्रमाण वाढतं.

आईच्या दुधातून विषही येतं का?

येतं. पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं आणि डीडीटीसारखी कीटकनाशकं चरबीत साठतात. डॉल्फिनचं दूध चरबीनं दाट असतं, त्यामुळे मादीच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेल्या विषाचा मोठा भाग दुधावाटे पिल्लात उतरतो. सगळ्यात जास्त वाटा पहिल्या पिल्लाला.

ही रसायनं रोगप्रतिकारशक्ती दाबतात, हे नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकात तपासलं गेलं. सीलच्या दोन गटांना वेगवेगळ्या ठिकाणची हेरिंग मासळी खायला दिली. एका गटाला तुलनेनं स्वच्छ अटलांटिकमधली, दुसऱ्याला प्रदूषित बाल्टिक समुद्रातली. बाल्टिकची मासळी खाणाऱ्या सीलच्या पांढऱ्या पेशींचं काम मंदावलं.

मुंबई उपनगरांचा यात वाटा काय?

राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या परिसरातून निघणाऱ्या दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव आणि अंधेरीचं सांडपाणी घेऊन पश्चिमेच्या खाड्यांत जातात. मुलुंड, भांडुप आणि घाटकोपरचे नाले ठाणे खाडीत उतरतात. म्हणजे बेसिनमधून गेलेलं पाणी आणि किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनचं घर यांच्यात अंतर फार नाही.

महापालिका सात ठिकाणी नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारत आहे. त्यांत वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर ही उपनगरांतली केंद्रंही आहेत. सातही केंद्रांची एकूण क्षमता दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर आहे. ही केंद्रं पूर्ण होऊन नीट चालली, तर त्याचा फायदा फक्त माणसांनाच होईल असं नाही.

किनाऱ्यावर पिल्लू दिसलं तर काय करावं?

जुहू, वर्सोवा, आक्सा किंवा गोराईला फिरताना असं पिल्लू दिसलं तर:

- वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. नेमकं ठिकाण सांगा.
- स्वतःहून पाण्यात ढकलू नका. आई जवळ आहे का आणि पिल्लू आजारी आहे का, हे जाणकारांनाच ठरवू द्या.
- शेपटी धरून ओढू नका, त्यानं आतून इजा होते.
- अंगावर सावली करा, ओलं कापड ठेवा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र मोकळं ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका.
- उघड्या हातांनी स्पर्श टाळा. काही जंतू या प्राण्यांकडून माणसाला आणि माणसाकडून त्यांना होऊ शकतात.
- गर्दी आणि भटकी कुत्री लांब ठेवा. सेल्फी नको.

प्राणी मेलेला असला तरी कळवा. शवविच्छेदनातून संसर्ग, जंत, रसायनं यांची माहिती मिळते. आपल्या किनाऱ्यावरची पिल्लं कशामुळे दगावतात, हे कळण्याचा तो एक महत्त्वाचा मार्ग आहे.