लिव्हरच्या रिपोर्टमधले आकडे आले कुठून?

लिव्हरचा आजार असलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एसजीपीटी नॉर्मल आलंय, आता काळजी नाही." आमच्या नात्यातही सिरोसिसचा पेशंट आहे, त्यामुळे हे मी बऱ्याचदा ऐकलंय. म्हणून या तपासण्यांचा इतिहास थोडक्यात मांडतो. तो कळला की रिपोर्टकडे बघायची नजर बदलते.

'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नाव एक, पण आतल्या तपासण्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रश्नांसाठी शोधल्या गेल्या. एसजीओटीचंच बघा. १९५४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी ती वापरली हार्ट अटॅक ओळखायला! हृदयाच्या पेशी मेल्या की हे एन्झाइम रक्तात वाढतं, असं त्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी इटलीत नेपल्सला फर्नांडो दे रितिस यांच्या गटाने हिपॅटायटिसमध्येही अशी एन्झाइम्स वाढतात हे दाखवलं.

म्हणजे एसजीओटी-एसजीपीटी सांगतात ते पेशींना किती इजा होतेय हे. लिव्हर काम किती करतंय, हे त्या सांगत नाहीत. सिरोसिस बराच पुढे गेला तरी हे आकडे नॉर्मल असू शकतात.

काम कळतं ते दुसऱ्या आकड्यांतून. बिलिरुबिन बाहेर टाकलं जातंय का? अल्ब्युमिन तयार होतंय का? रक्त गोठवणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं; ती कमी पडली की रक्त गोठायला वेळ लागतो. हा वेळ मोजायची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. आजचा आयएनआर त्यातूनच आला.

आता यात सार्वजनिक प्रश्न कुठे आला? इथे. अमेरिकेत दान मिळालेलं लिव्हर आधी कोणाला द्यायचं, हे पूर्वी बरंचसं वेटिंग लिस्टवर किती दिवस काढले आणि पोटातलं पाणी किती, शुद्ध किती हरपते यावरच्या डॉक्टरांच्या अंदाजावर ठरायचं. २००२ मध्ये तिथे 'मेल्ड' स्कोअर आला. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन, या तीन आकड्यांवरून ६ ते ४० गुण. जो जास्त आजारी, तो आधी. वशिला नाही, अंदाज नाही.

पण आकडेही पक्षपात करतात! क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बायकांचे स्नायू सरासरीने कमी, म्हणून किडनी तितकीच खराब असूनही त्यांचा आकडा कमी यायचा, गुण कमी पडायचे आणि त्या रांगेत मागे राहायच्या. यावर दुरुस्ती लागू व्हायला २०२३ उजाडलं. 'मेल्ड ३.०' मध्ये स्त्रियांना जादा गुण मिळाले, अल्ब्युमिनही धरलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच: एका आकड्यावर हुरळू नका, एका आकड्याने खचूही नका. जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. डॉक्टरांना विचारा, "बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन गेल्या वेळेपेक्षा कुठे चाललेत?" आयएनआर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही वाढतो, तेव्हा चालू औषधंही सांगा. 'नॉर्मल' या शब्दावर फाइल मिटू नका.