उस्ताद असद अली खाँ : रुद्रवीणेचे दिल्लीतील उपासक

धृपद परंपरेतील ज्येष्ठ रुद्रवीणावादक उस्ताद असद अली खाँ यांचा जन्म १ डिसेंबर १९३७ रोजी राजस्थानातील अलवर येथे झाला. जयपूर बीनकार घराण्याच्या सातव्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. त्यांची कर्मभूमी दिल्ली होती आणि १४ जून २०११ रोजी दिल्लीतच, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रुद्रवीणेला उत्तर हिंदुस्थानी संगीतात 'बीन' असेही म्हणतात. लांब पोकळ दांडी, तिच्याखाली दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने बसविलेले पडदे आणि चार मुख्य तारा अशी या वाद्याची रचना असते. भगवान शंकराने हे वाद्य निर्माण केले, अशी पारंपरिक श्रद्धा आहे. खाँसाहेब धर्मनिष्ठ मुस्लिम होते. तथापि या वाद्याविषयीचा हा भक्तिभाव त्यांनी आयुष्यभर जपला.

त्यांचे पणजोबा रजब अली खाँ जयपूर दरबारातील संगीतकारांचे प्रमुख होते. आजोबा मुशर्रफ खाँ अलवर दरबारात बीनकार होते आणि १८८६ मध्ये त्यांनी लंडन येथे वादन केले होते. वडील सादिक अली खाँ यांनी अलवर व त्यानंतर रामपूरच्या नवाबांच्या पदरी सेवा केली. त्यांच्याकडेच असद अली खाँ यांनी सुमारे १५ वर्षे बीन आणि गायनाचे शिक्षण घेतले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि दरबारी आश्रय संपुष्टात आला. त्यापूर्वीच ख्याल गायकीच्या प्रसारामुळे धृपद मागे पडले होते. शिवाय बीनकार आपली विद्या सहसा कुटुंबाबाहेर देत नसत. बाहेरच्या शिष्यांना ते सतार किंवा सूरबहार शिकवीत. त्यामुळे बीनकारांची संख्या घटत गेली. अशा काळात खाँसाहेबांनी हेच वाद्य कायम ठेवले. आकाशवाणीवरून त्यांचे वादन प्रसारित होत असे. दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात त्यांनी १७ वर्षे अध्यापन केले. मात्र तेथे ते सतार शिकवीत असत.

त्यांचे वादन धृपदाच्या खंडारवाणीचे होते. डाव्या खांद्यावर भोपळा टेकवून बसण्याची जुनी पद्धत त्यांनी सोडली नाही. त्यांचे समकालीन उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी मात्र वीणेच्या रचनेत बदल केले. महाराष्ट्रात पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी स्थापन केलेल्या गुरुकुलामुळे डागर परंपरा मराठी रसिकांना परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुद्रवीणा प्रामुख्याने या दोन वादकांमुळे ओळखली गेली.

खाँसाहेबांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, तर २००८ मध्ये पद्मभूषण हा नागरी सन्मान प्रदान करण्यात आला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अफगाणिस्तान आणि युरोपातील अनेक देशांत त्यांचे कार्यक्रम झाले.

वंशपरंपरेने चालणाऱ्या वाद्यविद्येचे असे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतही आढळते. तेथील 'कोरा' हे २१ तारांचे वाद्यही भोपळ्यापासूनच तयार होते आणि पित्याकडून पुत्राकडे जाते. मालीचे विख्यात कोरावादक तुमानी दियाबाते (१९६५-२०२४) आपल्या घराण्याच्या ७१ पिढ्यांचा वारसा सांगत असत. त्यांचे वडील सिदिकी दियाबाते हेही नामवंत कोरावादक होते.

असद अली खाँ अविवाहित होते. घराण्याची परंपरा खंडित होऊ नये म्हणून त्यांनी आपले पुतणे झकी हैदर यांना दत्तक घेऊन तालीम दिली. त्याचबरोबर त्यांनी कुटुंबाबाहेरील शिष्यांनाही बीन शिकविली. स्त्रियांनी रुद्रवीणा वाजवू नये, अशी जुनी समजूत होती; तरीही कर्नाटकातील ज्योती हेगडे यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. जर्मनीचे कार्स्टन विके हेही त्यांचे शिष्य असून ते वादनाबरोबरच रुद्रवीणेच्या निर्मितीकडेही वळले. सात पिढ्या एका कुटुंबात राहिलेली ही विद्या अशा प्रकारे कुटुंबाबाहेर पोहोचली.