पट, पडदा आणि चित्रपट

‘फिल्म’ या शब्दाचा मूळ अर्थ पातळ थर, पापुद्रा. इंग्रजांनी सिनेमाचं नाव ठेवलं ते त्याच्या रिळावरून. मराठीने मात्र त्याला ‘चित्रपट’ म्हटलं. पट म्हणजे कापड. चित्रपट म्हणजे ज्यावर चित्र आहे असं कापड. सिनेमाचा शोध लागण्याआधी कित्येक शतकं हा शब्द संस्कृतात रंगवलेल्या कापडासाठी वापरात होता. नवी वस्तू आली आणि तिच्यावर जुनं नाव चढलं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. देवाचं चित्र कापडावर काढून लोकांसमोर उलगडायचं, आणि त्याची गोष्ट सांगायची, हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. सिनेमा त्याच घराण्यातला.

सुरुवात एका हेरापासून करू. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा एक हेर पाटलीपुत्रात हिंडतो. त्याच्या हातात ‘यमपट’ असतो, म्हणजे यमाची, यमलोकाची चित्रं असलेलं कापड. घरोघरी जायचं, पट उलगडायचा, गाणी म्हणायची आणि भिक्षा घ्यायची. असा माणूस कुणाच्याही घरात शिरला तरी कुणी हटकत नाही. चंदनदास या व्यापाऱ्याच्या घरात तो असाच शिरतो आणि राक्षसाची मुद्रा घेऊन बाहेर पडतो. पुढचं सगळं नाटक त्या अंगठीवर चालतं. या युक्तीत एक गोष्ट दडलेली आहे. पट दाखवणारा माणूस इतका रोजच्या बघण्यातला होता की हेराला लपायला तेच सोंग सगळ्यात सोयीचं वाटलं.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात चित्रकलेवर सविस्तर भाग आहे आणि चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेखही आहे. हा चित्रकथक म्हणजे आपला चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या काही घरांनी ही परंपरा आजवर सांभाळली. २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

चित्रकथीची चित्रं कागदावर असतात, कापडावर नाहीत. पण काम पटाचंच. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे ‘पोथी’. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठ्या डोळ्यांची, बहुतेक एका बाजूने दिसणारी माणसं, ठसठशीत रेषा, मोजके रंग. सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो, विणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीने गातो, मग पुढचं चित्र घेतो. चित्र एकटं पाहिलं तर अर्धंच कळतं. धनुष्य ओढलेला वीर दिसतो, पण तो कोण, कुणावर बाण सोडतोय आणि का, हे गाण्यात आहे.

राजस्थानात पाबूजीची ‘फड’ याच जातीची, आणि ती खऱ्या अर्थाने पट आहे: कित्येक फूट लांबीचं रंगवलेलं कापड. रात्री गावात ती ताणून बांधतात. भोपा गातो आणि त्याची बायको, भोपी, हातात दिवा धरून जो प्रसंग चालू असेल तेवढा भाग उजळते. बाकीचं कापड अंधारात. अंधार, कापड, त्यावर सरकणारा प्रकाश आणि समोर बसलेलं गाव. वर्णन वाचताना कुठली जागा डोळ्यासमोर येते, ते सांगायची गरज नाही.

फडीबद्दलची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फड हे देवाचं फिरतं देऊळ मानलं जातं. ती जीर्ण झाली की फेकत नाहीत, विकायची तर नाहीच. तिला ‘थंड’ करतात, म्हणजे विधिपूर्वक पाण्यात विसर्जित करतात. आपण गणपतीला निरोप देतो तसंच. चित्र टिकलं पाहिजे हा आग्रह तिथे नाही. गोष्ट टिकली पाहिजे, हा आहे. जुनं कापड गेलं तर नवं रंगवता येतं, कारण कथा माणसांच्या गळ्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात हे नातं तुटलं, आणि त्यातला एक धागा पुण्यात तुटला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर इथे चित्रशाळा सुरू केली. रामपंचायतनासारखी देवादिकांची चित्रं आणि नाना फडणवीसांसारख्या इतिहासपुरुषांच्या तसबिरी शिळाप्रेसवर छापून निघू लागल्या. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जायची मुभा नव्हती त्यांच्याही घरात आता लक्ष्मी-सरस्वती येऊ शकत होत्या. ही फार मोठी गोष्ट होती, तिला कमी लेखू नये. पण त्याच वेळी काहीतरी सुटलं. चित्र घरात आलं, सांगणारा बाहेर राहिला. आता चित्राला कुणी गाणारं लागत नव्हतं. एक खिळा पुरत होता.

पट मात्र संपला नाही. तो रंगभूमीवर गेला आणि त्याचं नाव झालं ‘पडदा’. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. पुढच्या काही दशकांत राजवाडे, अरण्यं, देवळं आणि रस्ते रंगवलेले भव्य पडदे ही नाटक मंडळ्यांची शान झाली. ते रंगवणाऱ्यांमध्ये कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे होते. लोकांनी त्यांचं आडनावच ‘पेंटर’ करून टाकलं. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी पडदे रंगवण्याचे धडे घेतले ते याच आनंदरावांच्या हाताखाली.

इथून पुढची पावलं सरळ आहेत. दादासाहेब फाळके रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम करून आलेले. ‘ख्रिस्ताचं चरित्र’ पडद्यावर बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’. कालियाच्या फण्यावर नाचणारा तो कृष्ण श्रावणात आपल्या घरी लावल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदावरही असतो: वर नरसिंह, मग कालियामर्दन, मग मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका आणि खाली बुध-बृहस्पती. प्रेक्षकांना ते चित्र तोंडपाठ होतं. फाळक्यांनी ते हलवून दाखवलं.

आणि दामले-फत्तेलाल? ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले, मग तिथून बाहेर पडून व्ही. शांताराम आणि इतरांबरोबर त्यांनी ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ मध्ये अप्पा बळवंत चौकात प्रभात टॉकीज सुरू झालं. मी राहतो त्या शनिवार पेठेतून ते काही मिनिटांच्या चालीवर आहे. आज त्याचं नाव किबे लक्ष्मी आहे, पण पेठेतली जुनी माणसं अजूनही ‘प्रभातपाशी भेट’ असंच म्हणतात.

१९३६ मध्ये या दोघा पडदे रंगवणाऱ्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा लोकांनी तुकारामांचा म्हणून स्वीकारला. त्यानंतरच्या कितीतरी तसबिरींत तोच चेहरा आहे. शेवटी गरुडाचं विमान येतं, तुकाराम वैकुंठाला जातात, ते दृश्य उभं करणाऱ्या दोघांपैकी एक दामले आणि एक शेख फत्तेलाल. पट रंगवणाऱ्याची जात-धर्म बघणाऱ्याने विचारली नाही. समोर अंधार होता, कापड होतं, त्यावर प्रकाश होता आणि गाणं होतं. छापील चित्रापासून सुटलेला गाणारा परत आला होता.

आज पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आहेत आणि नव्या दिवाणखान्यांत सोफ्यामागे पिछवाई दिसते. कमळं, गाई, मधे श्रीनाथजी. बहुतेक वेळा डिजिटल प्रिंट. प्रिंट असण्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रशाळेची चित्रंही छापीलच होती. पण पिछवाई म्हणजे ‘मागे लावायचं’ कापड. नाथद्वाऱ्यात ती श्रीनाथजींच्या मूर्तीच्या मागे असते आणि ऋतूप्रमाणे, उत्सवाप्रमाणे बदलते. शरद पौर्णिमेची वेगळी, अन्नकूटाची वेगळी. आपण ती वर्षभर एकच ठेवतो. पाहुणे विचारतात, “किती छान, कुठून घेतली?” हे काय चाललंय त्यात, असं कुणी विचारत नाही.

जुन्या कला वाचवायच्या म्हणजे वस्तू वाचवायच्या, असं आपण धरून चालतो. चित्रकथीचे कागद संग्रहालयात जपले गेले ते बरंच झालं, नाहीतर पुढच्या पिढ्यांना ते दिसलेच नसते. पण काचेमागची पोथी मुकी असते. ती बोलायची तर पिंगुळीतल्या एखाद्या पोराला ती गाणी पाठ असावी लागतात, आणि ती पाठ करून त्याचं पोट भरेल अशी सोय असावी लागते. फड पाण्यात सोडणाऱ्यांना हे नीट कळलेलं होतं. कापड गेलं तर हरकत नाही. गाणारा गेला की उरतं ते फक्त कापड.

तुमच्या घरी पिछवाई असेल, जिवतीचा कागद असेल, आजीच्या देव्हाऱ्यातलं रंग उडालेलं रामपंचायतन असेल, तर त्यातली गोष्ट एकदा घरातल्या लहान मुलाला सांगा. बोट ठेवून सांगा, हा कोण, ती कोण, मग काय झालं. विणा आणि हुडुक नसला तरी चालेल.